कोलकासाचं पान

प्रफुल्लाबेन कापडिया इजिप्तमधल्या शिबीन अल-कोमला राहायला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात कपड्यांपेक्षा डबेच जास्त होते. तुरीची डाळ, मोहरी, हिंग, आमसुलं, पापड, आणि निघता निघता सासूबाईंनी कोंबलेली गुळाची ढेप. नवनीतभाई सुरतेच्या एका गिरणीत रंगखात्याचे मास्तर होते. ती गिरणी बसली, आणि नाईल खोऱ्यातल्या या गावातल्या एका कापड गिरणीनं त्यांना बोलावून घेतलं. मुलीचं लग्न झालेलं होतं, मागे अडकवून ठेवणारं कुणी नव्हतं. दोघं आली, कालव्याकाठच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड मांडलं, आणि पहिला हिवाळा सरायच्या आत डबे रिकामे झाले.

दुसरी एखादी बाई असती तर रडली असती, नाहीतर दर महिन्याला कैरोच्या सिंधी दुकानात खेटे घातले असते. प्रफुल्लाबेनचा स्वभाव निराळा. त्यांना अनोळखी वस्तू दिसली की आधी हात लावायचा, मग नखानं खुडून वास घ्यायचा, आणि कुणी थांबवायच्या आत दाताखाली टाकायची. सुरतेत यासाठी त्यांनी आईचा मार खाल्ला होता. इथं भाजीबाजारात बायका त्यांना पाहून हसायच्या. "आली बघ चाखणारी मदाम," म्हणायच्या.

त्यांचं नाव काही कुणाच्या तोंडात बसेना. 'प' हे अक्षर तिथल्या जिभेला जमत नाही. वरच्या मजल्यावरच्या उम्म बिशोयनं पहिल्याच दिवशी 'बरा... बराफु...' असं दोनतीनदा करून पाहिलं आणि सरळ अर्धं नाव टाकून दिलं.

"फुल्ला! मी तुला फुल्लाच म्हणणार. आमच्याकडे फुल्ला म्हणजे मोगरा. चालेल ना?"

न चालायला काय झालं? सुरतेत त्यांना आजवर कुणी मोगरा म्हटलं नव्हतं.

उम्म बिशोय म्हणजे बिशोयची आई. तिचं खरं नाव इन्साफ, पण थोरल्या मुलाच्या नावानंच सगळा मोहल्ला तिला हाक मारायचा. बाई जाडजूड, बोलकी, मनगटावर आतल्या बाजूला लहानपणी गोंदलेला निळा क्रूस. फुल्लाला जेवणाचं कोडं सोडवून दिलं ते तिनंच. तोवर प्रफुल्लाबेन जिथं जातील तिथं "आम्ही मांस खात नाही" असं सांगायच्या, आणि समोरून प्रेमानं कोंबडी यायची. मांस नाही म्हणालीस ना, मग ही कोंबडी! कोंबडी नको म्हटलं की मासा यायचा, आणि मासाही नको म्हटलं की घरधनीण हळूच विचारायची, डॉक्टरनं सांगितलंय का?

उम्म बिशोयनं मात्र सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं मग उपास आहे म्हणून सांग ना! 'सियामी' म्हण. उपासाचं. आमचे निम्मे दिवस त्यातच जातात. कुठल्याही हॉटेलात सियामी म्हणालीस की मांस, अंडं, तूप काही घालणार नाहीत. तुझा उपास सुटतो कधी?"

"सुटत नाही."

"म्हणजे? ईस्टरला?"

"कधीच नाही. जन्मापासून आहे."

उम्म बिशोय खुर्चीत बसली. "बाई गं! आमचे मठातले साधूसुद्धा सणाला अंडं खातात." मग तिची नजर टेबलावरच्या चहाकडे गेली. "आणि हे काय? दूध? उपासाला दूध पितेस? हा कसला गं तुझा उपास!"

यावर त्या दोघी पुढे अनेक वर्षं भांडत राहिल्या.

हिंगाचाही शोध असाच लागला. प्रफुल्लाबेननी तो हातवारे करून समजावला. झाडाचा चीक, वाळवलेला, दगडासारखा, आणि वास असा की डबा कापडात गुंडाळून ठेवावा लागतो. उम्म बिशोयनं नाक मुरडलं. "'हल्तीत' म्हणतो आम्ही त्याला. काष्ठौषधीवाल्या अम्म शहातकडे जा. पण तुला कशाला लागतो तो?"

अम्म शहातनं, म्हणजे शहातकाकानं, दुकानाच्या अगदी मागच्या फळीवरून बरणी काढली. झाकण उघडताच प्रफुल्लाबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. माहेरच्या स्वयंपाकघराचा वास होता तो.

"कुणाला त्रास होतोय, मदाम?" शहातनं हलक्या आवाजात विचारलं.

"कुणालाच नाही."

"लाजू नका. मूल रडतं का? का कुणाला झपाटलंय? याची धुरी दिली की सगळं पळतं."

"वरणात घालायचाय."

शहातनं झाकण पुन्हा लावून टाकलं. "जेवणात?" बराच वेळ समजूत घातल्यावर त्यानं सुपारीएवढा खडा दिला, तोही काहीतरी पुटपुटून. दोन दिवसांनी गिरणीत सुपरवायझरनं नवनीतभाईंना बाजूला घेऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, मास्तर, बायकोला रात्री काही दिसतंबिसतं का.

असं करत करत घर लागलं. चिंच मिळाली, ती इथं सरबताची. गुळाऐवजी उसाची काळी काकवी. तुरीऐवजी मसूर. हे नाही तर ते, आणि तेही नाही तर त्याच्या जवळचं काहीतरी. प्रफुल्लाबेनना यात मजा वाटू लागली होती.

आणि मग जानेवारीत, उम्म बिशोयच्या सणाला, कोलकास भेटलं.

त्या सणाला प्रत्येक ख्रिस्ती घरात कोलकास शिजतंच. उम्म बिशोयनं फुल्लासाठी बिनमांसाचं वेगळं पातेलं चढवायचं ठरवलं होतं, म्हणून प्रफुल्लाबेन मदतीला वर गेल्या. ओट्यावर नारळाएवढे तपकिरी कंद पडले होते. खरखरीत साल, तिच्यावर गोल गोल वळी. प्रफुल्लाबेननी एक उचलला, फिरवला, नखानं टोकरला. आत पांढरट गर, बुळबुळीत. बोटाला लगेच चुणचुण सुटली.

"अळू आहे हे," त्या स्वतःशीच गुजरातीत म्हणाल्या.

उम्म बिशोय कंदाचे तुकडे मीठ आणि लिंबू लावून खसाखसा चोळत होती. पलीकडे चाकवतासारखी एक रुंद पानांची भाजी आणि कोथिंबीर लसणीबरोबर परतली जात होती. तो हिरवा गोळा कंदाच्या रश्श्यात जायचा होता.

"याला याचंच पान का नाही घालत?" प्रफुल्लाबेननी विचारलं.

"कशाला?"

"कोलकासाला. कोलकासाचं पान."

उम्म बिशोयचा हात थांबला. "त्याला पान असतं? असेल बाई. मी शहरातली. माझ्याकडे येतं ते असंच येतं, बोडकं."

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लाबेन बाजारात नगातपुढे जाऊन बसल्या. नगात ही जवळच्या कफ्र सनाबिल नावाच्या खेड्यातली. रोज सकाळी टेंपोत भाजी घालून यायची आणि मशिदीच्या कोपऱ्यावर गोणपाट पसरायची. तिच्यापुढे कोलकासाचा ढीग होता.

"याचं पान कसं असतं गं?"

नगातनं दोन्ही हात पसरले. "हे एवढं."

प्रफुल्लाबेननी बोटानं मातीत बदामाचा आकार काढला, मधे शीर काढली. "असं? आणि पाणी टाकलं की थेंब मण्यासारखा पळतो?"

"तुला कसं ठाऊक?" नगात चमकली. "तुमच्याकडे पिकतं?"

"पिकतं. तुम्ही पानांचं करता काय?"

"काय करणार? तोडून बांधावर टाकतो. म्हशीसुद्धा तोंड लावत नाहीत. खाल्लं तर घसा आवळतो, मदाम, घसा!"

"आम्ही खातो."

नगातनं शेजारच्या कांदेवालीला हाक मारली. "ऐकलंस का गं? हिंदी मदाम कोलकासाची पानं खाते!" कांदेवालीनं पलीकडच्या अंडेवाल्याला सांगितलं. प्रफुल्लाबेन घरी पोचायच्या आत बातमी कालव्यापार गेली असावी.

पण हिवाळ्यात शेतात पानं नव्हती. कंद काढून झाले होते. "उन्हाळ्यात ये," नगात म्हणाली. "पाहिजे तेवढी घेऊन जा. बांध तेवढाच मोकळा होईल."

त्या संध्याकाळी नवनीतभाईंना सांगितलं तर त्यांचा घास हातातच राहिला. "पातरां? इथं?" बेसन लावून गुंडाळलेली, वाफवलेली, वरून तिळाची फोडणी दिलेली अळूची वडी. नवनीतभाई मागून खाणाऱ्यांतले नव्हते. परदेशात आल्यापासून त्यांनी एकदाही अमुक कर म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते हातातला घास खाली ठेवून म्हणाले, "मामांच्या बाराव्याला खाल्ली होती शेवटची. मामा गेल्याचं दुःख होतंच, पण वड्या काय झाल्या होत्या!"

ऑगस्टमध्ये उम्म बिशोयचा मरियमचा उपास सुरू झाला त्या आठवड्यात प्रफुल्लाबेन नगातबरोबर टेंपोत बसून कफ्र सनाबिलला गेल्या. शेताच्या कडेला पोचल्या आणि उभ्याच राहिल्या. माणसाच्या छातीपर्यंत वाढलेली पानं, दूरवर, पाण्यात पाय रोवून उभी. वाऱ्यानं सगळी एकदम माना हलवायची. सुरतेत मोरीच्या सांडपाण्यावर चार अळू लावतात, लोक त्यातूनच वड्या काढतात. इथं तर समुद्र होता अळूचा, आणि एकही पान कुणाच्या ताटात जात नव्हतं. चपला काढून त्या सरळ चिखलात उतरल्या.

"ए! ए बाई! बाहेर ये!"

बांधावर नगातची सासू उभी होती. हग्गा बहिया. हज करून आलेली, काठी टेकत चालणारी, पण आवाज खणखणीत. "नगात, हिला तू आणलंस? ही पानं खाऊन मेली तर? पोलीस आपल्या दारात येतील. परदेशी बाई आहे, आपल्याकडे बोट दाखवतील!"

"हग्गा, आमच्याकडे सगळे खातात. माझी आई खायची, आजी खायची," प्रफुल्लाबेन चिखलातून म्हणाल्या.

"आहेत का जिवंत?"

"आई आहे. आजी म्हातारी होऊन गेली."

"कशानं गेली?"

"वयानं."

हग्गानं जरा विचार केला. "घे थोडी. पण इथं खायची नाही. तुझ्या घरी खा."

प्रफुल्लाबेननी भाराभर पानं कापली. उत्साहात हाताला तेल लावायचं विसरल्या, आणि परतेपर्यंत कोपरापर्यंत खाज सुटली होती. नगात टेंपोत सगळ्या वाटेनं हसत होती.

घरी काबुली चणे भरडून बेसन केलेलं होतंच. चिंचेचा कोळ, काकवी, तिखट, अम्म शहातचा हिंग. पानांच्या शिरा लाटण्यानं दाबल्या, पानावर पान, पीठ लावून वळकट्या, चाळणीत ठेवून वाफवल्या. सगळ्या जिन्यात वास गेला. तो वास घेत उम्म बिशोय खाली आली.

"सियामी आहे ना? दूधबिध नाही?"

"सियामी. बैस."

प्रफुल्लाबेननी गरम वडी तिच्या बशीत ठेवली, नवनीतभाईंना दिली, स्वतः घेतली. तिघांनी एकदम तोंडात टाकली. चव अगदी तीच होती. क्षणभर नवनीतभाईंचे डोळे मिटले. मग ते खोकले. प्रफुल्लाबेनच्या जिभेत सुया टोचू लागल्या. उम्म बिशोयनं घसा धरला, डोळे वटारले, छातीवर क्रूस काढला.

"फुल्ला! मारायला बसवलंस का मला?"

"दही घे, दही! लगेच थांबतं."

"उपास आहे माझा!" घसा आवळलेल्या अवस्थेतही तिनं दह्याची वाटी दूर सारली. ओट्यावर अर्धं लिंबू पडलेलं होतं, ते तिनं मिठात बुडवून चोखलं. मग दुसरं. डोळ्यांचं पाणी पुसत, जिना चढत ती निघून गेली आणि वरचं दार जोरात आपटलं.

प्रफुल्लाबेन त्या दिवशी जेवल्या नाहीत. शेजारणीला उपासाच्या दिवशी आपल्या हातून त्रास झाला, हे त्यांना लागलं. पण त्याच्या खाली एक प्रश्नही सारखा कुरतडत होता. तीच रीत, तेच पान, मग घसा का धरला? सुरतेची भाजीवाली देते त्याचे देठ काळपट असतात. हे हिरवे. ते वडीचं अळू, हे कंदाचं. म्हणजे एकाच घरातली, पण स्वभावानं वेगळी जावा-जावांसारखी. उरलेल्या पानांवर त्यांनी प्रयोग मांडले. एक कोवळं पान, एक जून. एक उन्हात सुकवलेलं, एक उकळून पाणी टाकलेलं. थोडं थोडं शिजवून, जिभेच्या टोकावर ठेवून पाहायचं. जीभ सुजून जाड झाली.

"मी गिरणीत रंगाचे नमुने काढतो, आणि तू घरी विषाचे," नवनीतभाई म्हणाले. "आता पुरे कर. मामांच्या बाराव्याची आठवण आहे तेवढी बास."

"थांबा हो. कोवळ्यानं कमी टोचलं. काहीतरी आहे यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. उम्म बिशोय उभी होती, ओंजळीत लिंबं घेऊन. रागावलेली दिसत होती, पण चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"मी विचार करतेय तेव्हापासून," ती म्हणाली. "माझा घसा कशानं सुटला? लिंबानं आणि मिठानं. कोलकासाचा कंद आम्ही कशानं चोळतो? लिंबानं आणि मिठानं. आणि तू हे पान नुसतं पाण्यानं धुतलंस, कोथिंबीर धुवावी तसं! पान काय, कंद काय, एकाच आईची लेकरं ना?"

प्रफुल्लाबेन तिच्याकडे बघतच राहिल्या. "पण पान चोळलं तर फाटेल."

"हळू चोळ. तुला हळू काही येतच नाही का?"

नगातकडून कोवळी पानं मागवली. दोघींनी हातांना तेल लावलं, एकेक पान लिंबू-मिठानं पुसलं, तसंच ठेवलं, मग भरपूर पाण्यात धुतलं. पिठात चिंच नेहमीपेक्षा दुप्पट घातली, वाफ खूप वेळ दिली. उम्म बिशोयनं मधेच सुचवलं की आत भात भरला तर छान लागेल, आणि ते ऐकून घेतलं नाही म्हणून थोडी फुगली.

वड्या झाल्यावर प्रफुल्लाबेननी ताट आपल्याकडे ओढलं. "आधी मी एकटीच खाणार. काही झालं नाही तर तू."

त्यांनी एक खाल्ली. उम्म बिशोय समोर बसून त्यांच्या घशाकडे टक लावून बघत होती. दुसरी खाल्ली. प्रफुल्लाबेननी आवंढा गिळला, वाट पाहिली, जीभ टाळूला लावून पाहिली. कुठं काही टोचलं नाही. नुसतं आंबट, गोड, तिखट, आणि मागून हिंग.

"बोल ना! मेलीस का?"

त्यांनी तिसरी वडी उम्म बिशोयच्या तोंडात घातली.

नवनीतभाई गिरणीतून आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. एक घास घेतला आणि मान वर केली नाही. ताट रिकामं झाल्यावर म्हणाले, "मीठ किंचित कमी आहे." आणि ताट पुढे सरकवलं, आणखी वाढ म्हणून.

पुढच्या शुक्रवारी प्रफुल्लाबेननी डबा भरला आणि पुन्हा कफ्र सनाबिल गाठलं. तुझ्या घरी खा, असं हग्गा बहिया म्हणाली होती. घरी खाऊन झालं होतं, आता तिलाही दाखवायचं होतं. हग्गा अंगणात तुतीखाली बसली होती. तिनं डबा उघडला, एक वडी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली. आतली हिरवी-पिवळी चक्रं बघितली, हुंगली.

"ही तर महशी!" ती म्हणाली. द्राक्षाच्या पानात भात भरून करतात तिला तिथं महशी म्हणतात. "पण भात कुठाय?"

"आत पीठ आहे, हग्गा. चण्याचं."

"आणि बाहेरचं पान आमचं?"

"तुमच्याच बांधावरचं."

नगात श्वास रोखून उभी होती. हग्गानं तोंडात टाकली, दात थोडेच असल्यामुळे बराच वेळ चघळली.

"साठ वर्षं ही पानं फेकतेय मी," शेवटी ती म्हणाली. "माझ्या सासूनं सांगितलं विष आहे, म्हणून. तिला तिच्या सासूनं सांगितलं असणार." तिनं दुसरी उचलली. "चांगली आहे. पुढच्या वेळी आत थोडा खिमा घाल."

"हग्गा!" नगात ओरडली. "सांगितलं ना तुम्हाला, त्या खात नाहीत!"

"अगं तिला कोण घाल म्हणतंय? माझ्यासाठी घाल म्हणाले."

प्रफुल्लाबेन इतक्या हसल्या की त्यांना तुतीच्या बुंध्याला टेकावं लागलं. हग्गाही हसली, आणि हसता हसता डबा तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतला. नातवंडांना हात लावू दिला नाही.

खिमा अर्थातच त्यांनी कधी घातला नाही. पण नगातनं घरी आपली अक्कल चालवली, पानांत भात आणि टोमॅटो भरून पाहिला, आणि लिंबानं पुसायचं विसरली. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोलू शकलं नाही, म्हणे. दुसऱ्या वेळी जमलं. ते कसं लागतं हे बघायला प्रफुल्लाबेन मुद्दाम गेल्या आणि नगातच्या चुलीपाशी बसून चांगल्या दोन बशा जेवून आल्या. उम्म बिशोयनं मात्र 'भाताची कल्पना मुळात माझी' असं जाहीर करून टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात नगातनं एक वाफा हिंदी मदामसाठी म्हणून बांधाच्या कडेला वेगळा राखला. गावातल्या बायका तिथून कोवळी पानं चोरायच्या, आणि नगात त्यांना शिव्या द्यायची.

त्याच उन्हाळ्यातली एक सकाळ. प्रफुल्लाबेन आणि नगात पानांचा भारा घेऊन कालव्याच्या कडेनं टेंपोकडे चालल्या होत्या. वाटेत प्रफुल्लाबेन थबकल्या. पाण्याच्या काठी एक झुडूप वाढलं होतं, बारीक पानांचं, पिवळ्या फुलांचं.

"हे काय गं?"

"काही नाही. रान आहे."

"नाव काय?"

"रानाला कुठलं नाव? चल ना, टेंपो निघेल."

पण प्रफुल्लाबेननी भारा खाली ठेवला होता. त्या उकिडव्या बसल्या, एक पान खुडलं, बोटांत चुरडून नाकाशी नेलं. त्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. ओळखीच्या कशाच्या तरी जवळ आल्यावर पडायची तशी.

"मदाम, तोंडात घालू नकोस!" नगात पाठीमागून ओरडली. "आधी हग्गाला विचारू!"

"वासच घेतेय," प्रफुल्लाबेन म्हणाल्या. आणि पानाचा एक कोपरा त्यांनी दातांत धरला.